बिनतारी इअरबडची अंतर्रचना आणि बोलींचे ध्वनिमुद्रण

ठाणे शहराच्या उत्तर भागात, उल्हास नदीच्या खाडीकाठी असलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव होय. उंच इमारतींनी वेढल्या जाणाऱ्या अशा गावाची बोली टिपावयास निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाताशी बहुधा मोबाइल आणि बिनतारी इअरबड असतात. या साधनावर कितपत विसंबावे, हे त्याची अंतर्रचना पाहिली असता ध्यानात येते.

इअरबडचे कवच स्क्रूने नव्हे, तर खाचांनी व गोंदाने जोडलेले असते. सौम्य उष्णतेने गोंद मऊ करून ते उकलता येते. मात्र आतील लिथियम-आयन विद्युत्घटाला टोचा बसल्यास तो पेट घेऊ शकतो. घटाखेरीज आत चुंबक, तारेचे वेटोळे व पडदा यांचा बनलेला ध्वनिक्षेपक, 2.4 गिगाहर्ट्‌झ लहरींचा अँटेना, लवचिक पट्टीवर बसविलेली मुख्य चिप आणि सिलिकॉनचे सूक्ष्म मायक्रोफोन आढळतात.

मायक्रोफोन पुष्कळदा दोन असतात. त्यांच्यात 2 सेंटिमीटर अंतर असल्यास ध्वनी एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास जास्तीत जास्त सुमारे 58 मायक्रोसेकंद लागतात. या कालभेदावरून चिप बोलणाऱ्याचा आवाज निवडते व उरलेला गोंगाट दडपते. परंतु घर्षक ध्वनी हेही स्वरूपतः एक प्रकारचा गोंगाटच असल्यामुळे त्यांनाही कात्री लागण्याचा संभव असतो.

दुसरी मर्यादा उघडलेल्या यंत्रात दिसत नाही. इअरबडमधून संगीत चांगले ऐकू येते, म्हणून मुद्रणही तसेच होईल, हा समज बरोबर नाही. मायक्रोफोन सुरू होताच ब्लूटूथची जोडणी सामान्यतः संभाषणाच्या व्यवस्थेकडे वळते. तिच्या जुन्या प्रकारात सेकंदास 8,000 नमुने घेतले जातात, म्हणजे 4,000 हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी उरतच नाही. सुधारित प्रकारात नमुने 16,000 व मर्यादा 8,000 हर्ट्‌झ असते.

मराठीच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नव्हे. ‘विश्व’ या अर्थाच्या ‘जग’मधील ज तालव्य, तर ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी ‘जग’मधील ज दंततालव्य आहे. लेखनात हा भेद दिसत नाही. त्याचा पुरावा ध्वनीतच शोधावा लागतो. दंततालव्य अर्धस्फोटकाच्या घर्षणाची ऊर्जा तालव्यापेक्षा वरच्या पट्ट्यात असते आणि नेमका तोच पट्टा येथे कापला जातो. अशा मुद्रणावरून एखाद्या बोलीत हा भेद नाही असे अनुमान काढल्यास, यंत्राचा दोष बोलीच्या माथी मारला जाईल.

म्हणून क्षेत्रकार्यात तारेने जोडलेला मायक्रोफोन वापरावा, मुद्रण निदान 44,100 नमुन्यांचे व असंक्षेपित ठेवावे आणि प्रत्येक मुद्रणासोबत साधनाची नोंद करावी. बोलणारी पिढी गेल्यावर यंत्र बदलता येते. मुद्रण पुन्हा करता येत नाही.