शाई उडते आहे

गावाकडच्या घराच्या माळ्यावरून परवा पत्र्याची एक पेटी खाली उतरवली. तीत दोन पुडकी निघाली. एकात शके १७९४ चे, म्हणजे १८७२ सालचे, मोडी खरेदीखत होते. दुसऱ्यात वडिलांनी पुण्याहून काकांना फाउंटन पेनने लिहिलेली १९५६ ते १९६१ या काळातील पत्रे. खरेदीखताची अक्षरे काल लिहिल्यासारखी काळीभोर आहेत. पण मोडी मला येत नाही. वडिलांचे बाळबोध अक्षर ओळखीचे. पण त्यांची निळी शाई इतकी विटली आहे की कागद खिडकीपाशी तिरपा धरावा, तेव्हा कोठे ओळ लागते.

याचे कारण साधे आहे. जुनी शाई काजळाची. काजळ डिंकाच्या पाण्यात खलून ती सिद्ध होई. काजळ म्हणजे कार्बन. त्याचा रंग उन्हाने उडत नाही. बोरूला ही दाट शाई मानवे. परंतु वॉटरमन याने १८८४ साली अमेरिकेत ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्यात शाई केसाएवढ्या बारीक खाचांतून निबेपर्यंत उतरते. तेथे काजळाचे कण बसले की पेन बंद पडायचे. तेव्हा फाउंटन पेनला पातळ शाई आली, रंग पाण्यात विरघळवून केलेली. हिराकस आणि मायफळ यांपासून होणारी निळी-काळी शाई त्यातल्या त्यात टिकाऊ. लोहामुळे ती कागदावर काळी होत जाते. पण सदऱ्यावरचा डाग धुऊन निघावा, ही सोय ज्या निळ्या शाईत होती, तीच पुष्कळ घरांत वापरात राहिली. जी सदऱ्यावरून जाते ती कागदावरून का जाणार नाही?

फाउंटन पेनविषयी गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत. निबेची लय, शाईने माखलेली बोटे, टीपकागद, सारे खरे. भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी त्याला ‘झरणी’ हे गोड नावही दिले होते. ते रुळले नाही याचे मला वाईट वाटते. पण पेन जपून ठेवणारे आपण त्या पेनाने लिहिलेले कागद मात्र रद्दीत घालतो.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली व १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार सरदेसायांनी संपादिले. तो इतिहास सरदार-मुत्सद्द्यांचा. त्याला वाली मिळाला. शिक्षकाच्या, कारकुनाच्या पत्रांना तो कोण देणार? वडिलांच्या एका पत्रात एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हाची कटकट आहे: दोन आण्यांचे बारा द्यायचे की तेरा, यावरून वाण्याशी झालेली हुज्जत. दशमान नाणेपद्धतीवरील सरकारी माहितीपत्रकात ही हुज्जत सापडणार नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की ज्यांच्या घरी अशी पत्रे आहेत, त्यांनी ती उन्हात व भिंतीवर लावू नयेत, मोबाइलने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मुख्य म्हणजे ज्यांना ते अक्षर लागते त्यांच्याकडून नक्कल करून घ्यावी. छायाचित्रात पुसट शब्द पुसटच येतो. तो काय असावा, हे लिहिणाऱ्याला ओळखणारा माणूसच सांगू शकतो. शाळांनीही हे काम मुलांना द्यायला हरकत नाही. मोडीचे वर्ग निघतात, तेथे चार शिक्षक गेले तर माझ्यासारख्यांची खरेदीखतेही वाचली जातील.

मी नऊ पत्रे उतरवली आहेत. काकांची उत्तरे नाहीत. ती शनिवार पेठेत वडिलांच्या खोलीत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, त्यानंतर चार दिवसांनी वडिलांनी लिहिलेले पत्र पुडक्यात सर्वांत खाली आहे. ‘तुझी पत्रे गेली’ एवढे त्यातले वाचता येते. पुढच्या दोन ओळी अजून लागलेल्या नाहीत.