लगाम ढिला कधी सोडायचा?

गोव्यातल्या शिगम्याच्या सणात म्हापशाहून डिचोलीकडे गेलं की घोडेमोडणीचा नाच दिसतो. त्यातला कमरेला बांधलेला लाकडी घोडा नाचणाऱ्याचं सगळं ऐकतो. जिवंत घोड्याचं तसं नाही. सोळाव्या शतकात होर्मुझहून अरबी घोडे गलबतांतून गोव्यात उतरत आणि पुढे विजयनगरला जात. प्रवासाने बिथरलेल्या जनावराला चाबूक दाखवून काय होणार?

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं. कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि थेट पाठीमागचं तेवढं दिसत नाही. म्हणून जाणकार माणूस खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जातो.

खरी मेख दाब सोडण्यात आहे. लगाम किंचित ओढला, घोडा थांबला, की त्याच क्षणी हात ढिला. तो शिकतो या सुटकेतून. ती उशिरा झाली, तर त्या वेळी जे करत असेल, मग ते मान झटकणं का असेना, तेच बरोबर समजतो. ‘हट्टी’ घोड्यामागे बहुधा आळशी हात असतो, असं माझं मत.

घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, हे ग्रीक झेनोफोनने इसवी सनपूर्व चौथ्या शतकातच लिहिलं. बुजलेल्या घोड्याला मारलं, तर भीतीच्या वस्तूशी वेदनाही जोडली जाते आणि पुढच्या वेळी तो दुरूनच बिचकतो.