खाडीच्या शेतीला सातबारा नाही

नगर जिल्ह्यात शेतकरी गेला की वारस तलाठ्याकडे अर्ज करतात, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावे लागतात. सिंधुदुर्गात खाडीत शिंपल्यांची शेती करणाऱ्या घरातले कर्ते माणूस गेले तर? पाणी सरकारचे, त्यावर वारसाचे नाव लागत नाही. उरतो बांबूचा तराफा, दोर आणि त्या माणसाच्या आठवणी.

या आठवणींतच खरे भांडवल असते. हिरव्या शिंपल्यांचे बीज कोणत्या खडकावर धरते, कोणत्या ओहोटीला काढायचे, हे कागदावर सापडत नाही. बीज सुती कापडात दोराभोवती गुंडाळून तराफ्याला टांगतात. काही दिवसांत कापड कुजते. तोवर शिंपल्यांनी आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. खाद्य विकत आणायचे नाही, पाण्यातले सूक्ष्म प्लवक पुरते. पण पाच-सहा महिन्यांत, पावसाआधी, पीक काढावेच लागते. पुराचे गोडे पाणी उतरले की खारटपणा घटतो आणि शिंपले मरू लागतात. नगरचा शेतकरी मृगाची वाट पाहतो, तेव्हा इथे दोर उचलायची घाई असते.

काही गावांत हे तराफे महिला बचत गट सांभाळतात. बीजाचे खडक सुनांना दाखवतात त्या सासवाच.