टाकी रिकामी, तरी पेट्रोल आत का जात नाही?

नागपूरला मावसबहिणीचं लग्न आहे. डिकीत अहेराच्या पिशव्या, मागच्या सीटवर आजी आणि दोन मुलं, हातात थर्मास. शंकर नगरहून पहाटे निघालात की भंडाऱ्याला नाश्ता, असा तुमचा बेत. काटा तळाला टेकलाय म्हणून पहिला थांबा पेट्रोल पंपाचा. तुम्ही सांगता, ‘‘भैया, टंकी फुल.’’ नोझल आत जातं आणि दोनच सेकंदांत ‘टक्’. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘टक्’. मशीनवरचा आकडा चाळीस रुपयांपाशी अडलेला. पंपावरचा मुलगा म्हणतो, ‘‘गाडी में प्रॉब्लम है.’’ तुम्ही म्हणता, प्रॉब्लम तुमच्या मशीनमध्ये आहे. मागचे हॉर्न वाजवू लागतात.

असं कधी तुमच्याबाबतीत घडलंय का? घडलं असेल, तर भांडण्याआधी आणि गॅरेजमध्ये पैसे ओतण्याआधी पुढची काही मिनिटं द्या. या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये नसतंच, ते असतं हवेत.

टाकी म्हणजे तेलाचा डबा

घरात तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आई नेहमी दोन भोकं पाडायची, आठवतं? एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं. दुसरं भोक पाडलं की सुरळीत धार लागते, कारण एका भोकातून तेल बाहेर येतं आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. बाटलीच्या तोंडावर नरसाळं घट्ट बसवून पाणी ओतलं तरी हाच अनुभव येतो. पाणी नरसाळ्यात तुंबतं, बुडबुडे येतात. नरसाळं जरा उचललं की झरझर खाली उतरतं.

गाडीची टाकीही अशीच आहे. ‘रिकामी’ टाकी खरं तर हवेनं आणि पेट्रोलच्या वाफेनं भरलेली असते. ३० लिटर पेट्रोल आत जायचं असेल तर तेवढीच हवा बाहेर पडायला हवी. त्यासाठी दुसरं भोक असतंच. जाड फिलर पाइपच्या शेजारून एक बारीक नळी जाते, तिला मेकॅनिक ब्रीदर पाइप म्हणतात. पेट्रोल गाडीत आणखी एक वाट असते. टाकीतली वाफ कोळशाच्या एका डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये जाते. तिथला कोळसा पेट्रोलची वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती इंजिनात ओढली जाऊन जळते. डिझेलची वाफ फारशी होत नाही, म्हणून डिझेल गाडीत हा डबा नसतो.

ही वाट बुजली की हवा कोंडते आणि आलेलं पेट्रोल गळ्यापर्यंत उलटं चढतं.

‘टक्’ कोण करतं?

पुष्कळांना वाटतं की नोझलमध्ये काहीतरी इलेक्ट्रॉनिक असणार. तसं काही नसतं. नोझलच्या टोकाशी बारीक छिद्र असतं आणि तिथून एक नळी मुठीपर्यंत गेलेली असते. आत एका अरुंद जागेतून पेट्रोल वेगानं वाहतं तेव्हा तिथं ओढ तयार होते. इटलीच्या व्हेंचुरी या शास्त्रज्ञानं १७९७ मध्ये मांडलेलं हे तत्त्व आहे. छिद्रातून हवा येत असते तोवर ही ओढ निरुपद्रवी असते. पेट्रोलनं छिद्र झाकलं की हवा येणं थांबतं, ओढ वाढते, मुठीतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. हाच तो ‘ऑटो कट’.

म्हणजे नोझलला टाकी भरली की नाही, हे कळतच नाही. छिद्रापाशी पेट्रोल आलं, एवढंच त्याला कळतं. मग ते टाकी भरल्यामुळे आलेलं असो, हवा अडल्यामुळे उलटं आलेलं असो, की डिझेलचा फेस असो.

आधी पंपावरच पाच मिनिटं

चिडू नका. गाडी बंद करा, मुलांना आत बसू द्या आणि पंपावरच्या कर्मचाऱ्याला सांगून हे करून बघा. नोझल स्वतः हातात घेऊ नका.

* वेग कमी करा. मूठ अर्धीच दाबून हळूहळू भरायला सांगा. हळू भरताना हवेला निघायला वेळ मिळतो.

* कोन बदला. नोझल पाव फेरा फिरवून बघा. काही गाड्यांचा गळा वळणदार असतो, धार समोरच्या भिंतीवर आपटते आणि उसळून छिद्र झाकते.

* थोडं बाहेर घ्या. नोझल अगदी आतवर रुतलं असेल तर बोटभर मागे घेऊन हळू भरायला सांगा. सांडतंय असं वाटलं की लगेच थांबा.

* दुसरं नोझल वापरा. त्याच पंपावरच्या दुसऱ्या मशीनवर किंवा पुढच्या पंपावर बघा. तिथं नीट भरलं तर तुमची गाडी निर्दोष आहे.

आणि हो, सारखं ‘टक्’ झाल्यानं पेट्रोल कमी मिळतं का, ही शंका मनात येतेच. मशीन वाहिलेलं पेट्रोल मोजतं, खटके मोजत नाही. तरी मापाबद्दल शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं प्रमाणित माप असतं. त्यात भरून दाखवा, असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

लक्षणं सांगतात दुखणं

डॉक्टरकडे जाताना आपण ‘कुठे, कधी, कसं दुखतं’ ते सांगतो. गाडीचंही तसंच आहे. दोन-तीन वेळा भरताना लक्ष ठेवा.

* एकाच पंपावर त्रास होतो, बाकी ठिकाणी नाही. दोष तिथल्या नोझलमध्ये किंवा त्याच्या वेगात.

* सगळीकडे होतो, पण हळू भरलं की जातं. हवेची वाट अर्धवट बुजली आहे.

* हळू भरूनही पेट्रोल उलटं उसळतं. फिलर पाइप मुडपला आहे, गळ्यातली झडप अडकली आहे किंवा ब्रीदर पाइप पूर्ण बंद आहे. मागून ठोकर लागल्यावर, डेंटिंगच्या कामानंतर किंवा सीएनजी किट बसवल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, तर पाइप दबल्याची शक्यता मोठी.

* झाकण उघडताना जोराचा ‘फुस्स’ आवाज येतो. थोडा आवाज चालतो. दर वेळी जोरात येत असेल तर कॅनिस्टरकडची वाट तपासायला हवी.

* पेट्रोल नीट भरतं, पण भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही. हे दुखणं वेगळं आहे. कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहत असेल.

* काटा तळाला, पण थोडंच पेट्रोल जातं. कदाचित टाकी खरंच भरलेली असेल आणि काटाच खोटं सांगत असेल! मागच्या वेळेपासून किती किलोमीटर गाडी चालली, त्याला गाडीच्या अॅव्हरेजनं भागा. हिशेब लगेच कळेल.

हवा अडते कुठे?

आपल्याकडे धुळीला तोटा नाही. रायपूरमध्ये सिलतरा आणि उरला या औद्योगिक भागांतून येणारी काळी धूळ गच्चीवर बोट फिरवलं तरी दिसते. तीच धूळ कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडाशी साठते. कच्च्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत चिखलाची भर पडते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर रबरी नळ्या कुरतडतात, तर मातीचं घरटं बांधणाऱ्या कुंभारमाशीला बारीक नळीचं तोंड म्हणजे आयतं घरच.

हसू नका, एका कोळ्यानं मोठ्या कंपनीला जेरीस आणलंय. २०११ मध्ये माझदा कंपनीला उत्तर अमेरिकेतल्या ‘माझदा ६’ मॉडेलच्या सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पिवळ्या रंगाचा एक छोटा कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता. नळी बंद झाली की टाकीत हवा शिरेना, आतला दाब कमी होऊन टाकीला तडा जाण्याची आणि पेट्रोल गळून आग लागण्याची भीती होती. २०१४ मध्ये याच कारणासाठी आणखी ४२ हजार गाड्या बोलवल्या गेल्या.

म्हणूनच हे दुखणं ‘चालतंय ना, चालू दे’ म्हणून सोडू नका. पंपावर उशीर होतो हा त्रास छोटा आहे. हवा कोंडलेली टाकी आणि पेट्रोलची गळती हा त्रास मोठा आहे, कारण मागच्या सीटवर तुमची माणसं बसलेली असतात.

‘राउंड फिगर’चा मोह

आता थोडं आपल्याच सवयीबद्दल. ऑटो कट झाला, आकडा १,९६३ रुपये. आपण म्हणतो, ‘‘भैया, दो हजार कर दो.’’ मग थेंब थेंब करत ३७ रुपयांचं पेट्रोल गळ्यापर्यंत कोंबलं जातं. पैसे द्यायला सोपं, एवढाच त्यातला फायदा.

तोटा मात्र गाडीला भोगावा लागतो. टाकीत वरच्या बाजूला वाफेसाठी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती भरली की पातळ पेट्रोल कॅनिस्टरकडे जाऊ शकतं. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पेट्रोल पिण्यासाठी नाही. तो भिजला की डबा निकामी होतो, कोळशाचे कण पुढे सरकून व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि पुढच्या वेळी ‘टक्’ सुरू होतं. म्हणजे राउंड फिगरची सवयच कधी कधी या दुखण्याची आई असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाड्यांत वाफेवरचं नियंत्रण अधिक काटेकोर आहे, त्यामुळे जास्तच जपायला हवं.

नियम साधा ठेवा. पहिला खरा ‘टक्’ म्हणजे टाकी फुल. पैसे मोबाइलवरून देत असाल तर १,९६३ आणि २,००० यांत फरक तो काय?

उन्हाळ्यातली अफवा

मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, नवतपा सुरू झाला की एक मेसेज हमखास फिरतो, ‘टाकी फुल करू नका, स्फोट होईल.’ इंडियन ऑइलनं ही गोष्ट खोटी असल्याचं जाहीर केलं आहे. कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कुठल्याही ऋतूत भरता येते. उन्हात वाफ जास्त तयार होते हे मात्र खरं. हवेची वाट आधीच अरुंद झाली असेल तर दुपारी ‘टक्’ लवकर होतं. अशा गाडीत सकाळी, गारव्यात पेट्रोल भरा.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

‘पेट्रोल जात नाही’ एवढंच सांगितलं तर काही ठिकाणी थेट टाकी उतरवायचा किंवा फ्युएल पंप बदलायचा सल्ला मिळतो. फ्युएल पंपाचं काम टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे पाठवणं. टाकीत पेट्रोल भरण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा स्वस्त कामापासून सुरुवात करायला सांगा.

आधी गळ्यातली झडप आणि फिलर पाइप नीट आहेत का, ते बघायचं. मग ब्रीदर पाइप मुडपलाय की बुजलाय, हे. त्यानंतर कॅनिस्टरचं हवेचं तोंड आणि फिल्टर साफ करायचा. पुढे व्हेंट आणि पर्ज व्हॉल्व्ह. कॅनिस्टर बदलणं आणि टाकी उतरवणं सगळ्यात शेवटी. काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच न्या.

घरी एक गोष्ट कधीच करू नका. नळी तोंडानं ओढू नका आणि तिच्यात काडी, तार किंवा हवेचा जोरदार झोत घालू नका. पेट्रोलची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही असते, शिवाय झोतानं आतले व्हॉल्व्ह तुटतात.

मग आज लग्नाला जायचं की नाही?

जायचं, पण हिशेबानं. रायपूर ते नागपूर सुमारे ३०० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर २० लिटर पुरतं. हळूहळू २५ लिटर भरून घ्या आणि दुर्ग, राजनांदगाव करत निघा. काटा तळाला जाऊ देऊ नका. परतल्यावर पहिल्याच सुट्टीला गॅरेज गाठा.

मात्र गाडीत पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा गाडीखाली ओल दिसत असेल, तर त्या दिवशी गाडी जागेवरच राहू द्या. रेल्वे आहे, बस आहे. मंगलाष्टकांना दहा मिनिटं उशीर झाला तर मावशी रागावेल, आणि पंगतीत वाढताना विसरूनही जाईल.

पुढच्या वेळी पंपावर ‘टक्’ झालं की कर्मचाऱ्यावर ओरडू नका. तेलाचा डबा आठवा आणि दुसरं भोक मोकळं आहे का, ते बघा.