ट्रॅक्टर 20 टन ओढतो, पण थांबवतो किती?

एरवी मी इथे ॲप आणि प्रोसेसरवर लिहितो, आज जरा ट्रॅक्टरवर.

ऊसतोडीच्या हंगामात गावी गेलो होतो. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, 50 एचपी हाय, दोन ट्रॉल्या आरामात वढतोय." ओढल्याही. पण कारखान्याच्या वाटेवरच्या उतारावर त्याने डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं आणि ट्रॉल्या आम्हालाच ढकलायला लागल्या. ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर आडवा व्हायला लागला. त्याने पाय काढला आणि नशिबाने पुढे चढ आला, म्हणून आज लिहितोय.

एचपीवरून इंजिनाची ताकद कळते. थांबायला मात्र वजन आणि ब्रेक लागतात. असा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा, तर भरलेल्या दोन ट्रॉल्या 20 टनांपर्यंत जातात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर हे सगळं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी रोखायचं! 20 मीटरला 1 मीटर उतार असला, तरी 20 टन माल मागून जवळपास 1 टनाचा रेटा देतो. हा रेटा जरा तिरका बसला की ट्रॅक्टर आणि ट्रॉली अडकित्त्यासारखे मिटतात. त्यात वेग 20 वरून 40 वर नेला, तर ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. मध्येच क्लच दाबला तर इंजिनाचा अडसर जातो. शेतात वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात. रस्त्यावर दोन्ही पेडल खिटीने जोडलेलीच हवीत. नाहीतर एकच चाक धरतं.

चढावर उलटं होतं, पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. ट्रॉली उंचावर अडकवली असेल तर धोका जास्त, म्हणून खालचाच हूक वापरा. पिनला क्लिप आहे का तेही बघा.

मीटर बंद असेल तर मोबाईलवर जीपीएस स्पीडोमीटर लावा. मागे रिफ्लेक्टर हवेतच. आणि तो टेप जरा बारीक करा राव, मागचा हॉर्न ऐकू येत नाही!

भाऊ आता उताराआधी गिअर टाकतो. दुसरी ट्रॉली मात्र सुटलेली नाही. पैसे टनावर मिळतात, त्यामुळे आमचं भांडण अजून चालू आहे.