सौर पॅनेलच्या काचेवरील लेप आणि उष्णता

खिडकीच्या काचेत मुलांना स्वतःचे मुख अंधुक दिसते. याचा अर्थ असा की, काचेवर पडलेला सर्व प्रकाश आरपार जात नाही. साधी काच समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के भाग प्रत्येक पृष्ठभागावरून परत फेकते. शाळेच्या छपरावरील सौर पॅनेलच्या बाबतीत ही गमावलेली वीजच होय. पॅनेलच्या काचेची आतली बाजू चिकटद्रव्याने घटांस जोडलेली असल्यामुळे तेथील हानी नगण्य असते; बाहेरची हानी कमी करण्याकरिता लेप देतात.

ही कल्पना जुनी आहे. डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश आत सोडते, असे लॉर्ड रॅले यांस १८८६ मध्ये आढळले. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरिन ब्लॉजेट यांनी साबणासारख्या द्रव्याचे थर चढवून काच जवळजवळ अदृश्य केली. परंतु तो लेप सहज पुसला जाई. खरी अडचण टिकाऊपणाचीच होती.

लेपाच्या वरून व खालून परतणाऱ्या लहरींनी परस्परांस नाहीसे करावे, अशी योजना असते. त्यासाठी जाडी सुमारे ११० नॅनोमीटर व वक्रीभवनांक सुमारे १.२२ असावा लागतो. एवढा कमी अंक असलेला सोयीचा भरीव पदार्थ नसल्यामुळे सिलिकेचा सच्छिद्र थर देतात. जाळीदार आंबोळीचा दाखला मुलांस चटकन पटेल. छिद्रांतील हवेमुळे अंक उतरतो.

काच मजबूत करण्याकरिता ती ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड करतात. लेप बहुधा त्याआधीच देतात व तो त्याच भट्टीत भाजला जातो. त्यातील सेंद्रिय द्रव्य जळून जागा मोकळी होते, सिलिकेचे कण एकमेकांस व काचेस घट्ट धरतात. वास्तविक उष्णतेने काच सिलिकेपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. जाड थर असता तर तडकलाच असता. पातळ व सच्छिद्र असल्यामुळेच तो हा ताण सोसतो. मात्र ताप प्रमाणाबाहेर झाल्यास छिद्रे मिटतात, अंक वाढतो आणि लेपाचा गुण जातो.

भट्टीतून उतरलेल्या अशा लेपास उन्हाळ्यातील पॅनेलचे ६०-७० अंश तापमान किरकोळच म्हणावयाचे. त्याचा खरा शत्रू उष्णतेच्या जोडीने येणारी आर्द्रता हा होय. ओलाव्यामुळे काचेतील सोडियम पृष्ठभागी येते, तेथे अल्कली द्रव बनतो आणि तो सिलिकेस खातो. पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत ८५ अंश तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता यांत १००० तास ठेवण्याचा, तसेच उणे ४० ते ८५ अंशांमध्ये २०० फेरे करण्याचा समावेश आहे.

याखेरीज घासण्यानेही लेप झिजतो. पॅनेल सकाळी थंड असताना स्वच्छ पाणी ओतून मऊ फडक्याने पुसावे. राख, वाळू वा काथ्या लावू नये. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे तर लेपापेक्षा काचेसच अधिक धोक्याचे असते.