‘पॉवर जाते’ : गिटारच्या ॲम्प्लिफायरविषयीच्या एका तक्रारीचा भाषिक व तांत्रिक विचार

गिटारचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीसाठी घेऊन येणारा वादक बहुधा ‘पॉवर जाते’ एवढेच सांगतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य पूर्ण आहे. निदानाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे. ‘पॉवर’ हा शब्द मराठीत रुळताना त्याचा बराच अर्थविस्तार झाला. घरात येणारी वीज ही पॉवर, यंत्राची वॅटमध्ये सांगितली जाणारी क्षमता ही पॉवर, चष्म्याच्या भिंगाचा नंबर ही पॉवर आणि पुढाऱ्याची सत्ता हीही पॉवरच. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत यांपैकी पहिले दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. यंत्रावरील दिवा विझून ते निश्चेष्ट झाले, तरी ‘पॉवर गेली’. दिवा तेवत असूनही आवाज नाहीसा झाला, तरी ‘पॉवर गेली’. आणि आवाज येतो आहे पण त्यातला जोर ओसरला आहे, तरीही ‘पॉवर गेली’. या तीन घटनांची कारणे यंत्राच्या निरनिराळ्या भागांत असतात. यास्तव पेटी उघडण्यापूर्वी तक्रारीचेच पृथक्करण करणे अगत्याचे ठरते. त्याची साधने मराठी बोलणाराजवळ पूर्वीपासून आहेत, आणि ती नामांत नसून क्रियापदांत आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘बंद करणे’ या प्रयोगाला कर्ता लागतो. ‘बंद पडणे’ या प्रयोगात कर्त्याला स्थान नाही, आणि जे घडले ते कोणाच्या इच्छेने घडले नाही असे त्यात गृहीत असते. यंत्र ‘बंद पडते’ असे वादक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात विझलेला दिवा असतो, आणि शोध भिंतीतील सॉकेट, पिन, वायर, स्विच, फ्यूज व ट्रान्सफॉर्मर या टप्प्यात घ्यावयाचा असतो. ‘आवाज जातो’ म्हणताना दिवा बहुधा पेटलेला असतो. दोष पुढे सरकतो. ‘आवाज बसतो’ हे गवयाच्या गळ्यावरून आलेले रूपक होय. त्यात थकवा आहे, क्रमाक्रमाने होणारी हानी आहे. जुने झालेले व्हॉल्व्ह, अतिरिक्त उष्णता, विजेचा पडलेला दाब ही त्याची कारणे. ‘आवाज तुटतो’ यात खंड आहे, पण लोप नाही. येथे सांध्याचा किंवा संपर्काचा दोष संभवतो. ‘आवाज फाटतो’ याचा अर्थ तरंगाची आकृती बिघडली. शक्तिव्हॉल्व्हच्या जोडीतला एक निकामी झाला किंवा स्पीकरचा कागदी पडदा चिरला की असे होते. अर्थात गिटारच्या बाबतीत फाटणे ही नेहमी तक्रारच असते असे नाही. ‘द किंक्स’ या इंग्लिश वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस याने १९६४ मध्ये असाच नाद मिळविण्यासाठी आपल्या स्पीकरचा पडदा पात्याने चिरला होता. तेव्हा फाटलेला आवाज हवा होता की नको होता, हेही विचारून घ्यावे लागते.

क्रियापदांचा हा साठा समृद्ध असला, तरी यंत्राच्या अवयवांच्या नावांबाबत मराठीची स्थिती दुहेरी आहे. खंडाळा तालुका आणि वाई यांच्यामध्ये खंबाटकीचा घाट आहे. घाटापलीकडे वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश सिद्ध झाला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञानविषयक मराठी लेखनात विवर्धक, रोहित्र, धारित्र, रोधक, एकदिशकारक, इलेक्ट्रॉन नलिका अशी संज्ञावली स्थिर होण्यास अशा कार्याचे साहाय्य झाले. घाटाअलीकडचा कारागीर मात्र ॲम्प्लिफायर, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, रेझिस्टर, व्हॉल्व्ह असेच म्हणतो, आणि रस्त्याच्या कडेच्या रोहित्राला गाव ‘डीपी’ म्हणून ओळखते. यांपैकी ‘कंडेन्सर’ लक्षणीय आहे. इंग्रजी तांत्रिक लेखनात हा शब्द मागे पडून ‘कपॅसिटर’ रूढ झाला, तरी मराठी कार्यशाळेने जुने रूप जपून ठेवले.

कोशातील शब्दांना कृत्रिम म्हणून हिणविण्याची पद्धत आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. ‘ध्वनिवर्धक’ हा रूढ शब्द ॲम्प्लिफायरला लावला, तर यंत्र ध्वनी वाढविते असा समज होतो. वस्तुतः त्याच्या आत ध्वनी नसतोच. तारेच्या कंपनाने पिकअपमध्ये उत्पन्न झालेला अत्यल्प विद्युत् संकेत १२एएक्स७सारख्या लहान व्हॉल्व्हमध्ये वाढतो, ईएल३४सारख्या शक्तिव्हॉल्व्हमध्ये त्याला जोर मिळतो, आणि स्पीकरच्या पडद्यावर पोचल्यावरच त्याचा ध्वनी होतो. ‘विवर्धक’ हा शब्द ध्वनीचा उल्लेख टाळतो आणि म्हणूनच अधिक नेमका आहे. गिटारची केबल, विवर्धकाचे टप्पे आणि स्पीकर हा क्रम ध्यानात असला की पहिली चाचणी सुचते : केबल बदलावी, गिटार बदलावी, आणि गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असल्यास तीही बदलून पाहावी. स्पीकर बदलावयाचा असल्यास यंत्र आधी बंद करावे; व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालविल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

आता खंडाळ्यासारख्या तालुक्यातील यात्रेचा प्रसंग घ्यावा. देवळापुढच्या पटांगणात वाद्यवृंदाचा मंच उभारला आहे, आणि वीज दूरच्या जोडणीवरून लांब वायर ओढून आणली आहे. ही वायर १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याची आणि १०० मीटर लांब असेल, तर जाण्यायेण्याचे मिळून तिच्या तारांचा रोध सुमारे ३.५ ओहम होतो. मंचावरील दिव्यांसह १० अँपिअर प्रवाह वाहू लागला की वायरीतच ३५ व्होल्ट खर्ची पडतात. खांबाजवळ २३० व्होल्ट असले, तरी ॲम्प्लिफायरला १९५च मिळतात. दुपारी दिवे बंद असताना मोजमाप केले तर दाब पुरेसा दिसतो. म्हणून मोजणी रात्री, सर्व दिवे लागलेले असताना आणि मंचावरील सॉकेटपाशीच करावयास हवी. याच वेळी शेतीपंप चालू असले, तर मूळ दाबही उतरलेला असणे शक्य आहे.

या पडलेल्या दाबाचा परिणाम सर्व यंत्रांवर सारखा होत नाही. ज्यात संगणकीय मंडले आहेत असा आधुनिक ॲम्प्लिफायर ठरावीक मर्यादेखाली एकदम बंद पडतो आणि दाब सुधारताच पुन्हा सुरू होतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असा हट्ट धरीत नाही. त्याच्या तंतूंना ६.३ व्होल्टऐवजी सुमारे ५.३ व्होल्ट मिळतात, पट्टिकेवरचा उच्च दाबही त्याच प्रमाणात खाली येतो, आणि आवाज बसतो. कारण एकच, क्रियापदे दोन.

तथापि पडलेल्या दाबावर सगळा दोष ढकलण्याची घाई करू नये, कारण येथे कानाचे गणित आड येते. उपलब्ध शक्ती स्थूलमानाने दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १९५ व्होल्टला ती मूळच्या सुमारे ७२ टक्के उरते. हा ऱ्हास कागदावर मोठा दिसतो. डेसिबलमध्ये तो जेमतेम १.४ भरतो, आणि एवढा फरक कानाला अस्पष्टच जाणवतो. आवाज ‘निम्मा’ वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते, म्हणजे शक्ती एक-दशांशावर यावी लागते. तेव्हा वादक ‘आवाज निम्म्यावर आला’ असे सांगत असेल आणि मीटर १९५ व्होल्ट दाखवीत असेल, तर केवळ तेवढ्या दाबाने त्या तक्रारीचा उलगडा होत नाही. तंतू थंड पडल्याने आधीच जीर्ण झालेले व्हॉल्व्ह अधिक मंदावले असतील, किंवा दोष निराळाच असेल. ‘निम्मा’ या शब्दामागे कोणते परिमाण आहे हे न विचारता व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च करणारे अनेक असतात.

या ‘निराळ्या’ दोषांत एक फार सामान्य आहे आणि तो बहुधा अखेरीस सापडतो. अनेक ॲम्प्लिफायरच्या मागील बाजूस ‘सेंड’ व ‘रिटर्न’ अशी दोन छिद्रे असतात. बाहेरची परिणामयंत्रे जोडण्यासाठी त्यांची योजना असते. तेथे काहीच जोडलेले नसेल, तेव्हा संकेत छिद्रातील एका स्प्रिंगपट्टीच्या स्पर्शातून पुढे जातो. वर्षानुवर्षे न वापरलेली ही पट्टी काळवंडते आणि स्पर्श क्षीण होतो. मग आवाज हळू होतो, तुटतो, आणि तार जोराने छेडली की क्षणभर पूर्ववत् येतो. कल्हई गेलेल्या भांड्यातले ताक कळकते हे ज्या घरांत ठाऊक आहे, तेथे धातूच्या पृष्ठभागाची ही कथा नव्याने समजावून द्यावी लागत नाही. परीक्षा सोपी आहे : एका लहान केबलने दोन्ही छिद्रे परस्परांना जोडावीत. आवाज परतला, तर दोष सापडला. संपर्क स्वच्छ करण्याचा द्रव पुरेसा होतो. आवाज न परतल्यास व्हॉल्व्हचे पाय ज्या सॉकेटमध्ये बसतात ते आणि डाख तपासावेत. कारागीर ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतो तो डाख वरून अखंड दिसतो, पण उष्णतेने धातू प्रसरण पावला की आतून विलग होतो.

उष्णतेचा उल्लेख आला की काळाचा प्रश्न ओघानेच येतो. ‘जाते’ हे रूप साध्या वर्तमानकाळाचे असून येथे ते रीती दाखविते. ते वारंवारता सांगते, क्षण सांगत नाही. म्हणून दुसरा प्रश्न ‘केव्हा जाते?’ असाच असावा. सुरू करताक्षणी जात असेल, तर थेट शॉर्टचा संशय घ्यावा. वीस-पंचवीस मिनिटांनी जाऊन यंत्र थंड झाल्यावर आपोआप परत येत असेल, तर ट्रान्झिस्टरच्या यंत्रात उष्णतारक्षक स्विच आपले काम करीत आहे. पंखा, धूळ आणि हवेची वाट पाहावी. केवळ जोराच्या स्वराला जात असेल, तर शक्तीचा टप्पा किंवा त्याचा पुरवठा दुबळा आहे. पेटी हलविल्यावर जात असेल, तर सांधा. चांगला कारागीर हे प्रश्न सवयीने विचारतो. त्यांची नोंद मात्र क्वचितच होते.

फ्यूजच्या बाबतीत मराठीत ‘फ्यूज जातो’ आणि ‘फ्यूज उडतो’ असे दोन्ही प्रयोग आढळतात. प्रत्येक बोलणारा त्यांत भेद करीलच असे नाही. काचेची नळी मात्र तो करते. आतली तार मध्येच वितळून दोन टोके स्वच्छ राहिली असतील, तर भार थोडा अधिक पण दीर्घकाळ होता : फ्यूज ‘गेला’. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर प्रवाहाचा लोंढा आला होता : फ्यूज ‘उडाला’. दुसऱ्या प्रकारात नवा फ्यूज लावून पाहणे व्यर्थ असते, आणि चांदीचा कागद गुंडाळून काम भागविणे हा तर शुद्ध अविचार होय. त्यात दहा रुपयांच्या वस्तूऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो. अशा वेळी सिरीज बोर्ड वापरावा. त्यात ६० किंवा १०० वॅटचा तंतूचा बल्ब यंत्राच्या मालिकेत येतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर शॉर्ट नाही असे मानून पुढे जाता येते. तो पूर्ण तेजाने जळत राहिला, तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने यंत्र वाचविले आहे.

जोर ओसरण्याबरोबर गुंजारव वाढला असेल, तर वादकाच्या कानाचाच उपयोग करून घ्यावा. एकदिशकारकानंतरचे मोठे कंडेन्सर निकामी होऊ लागले की १०० हर्ट्झचा नाद उमटतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडल्यास सुमारे ८२ हर्ट्झ कंपने देते, आणि तिसऱ्या पडद्यावर दाबल्यास ९८. गुंजारव या दाबलेल्या स्वराशी जुळला, तर कंडेन्सरकडे पाहावे. त्याच्या खालच्या सप्तकात, ५० हर्ट्झवर, असेल तर अर्थिंग किंवा केबलचे आवरण तपासावे. गुंजारव घालविण्यासाठी पिनेचा अर्थिंगचा पाय काढून टाकणारे लोक आहेत. तो पाय वादकाच्या आणि विजेच्या मध्ये उभा असतो.

यानंतर पेटी उघडण्याची पाळी येते, आणि येथे क्रियापदे साहाय्य करीत नाहीत. उलट ‘बंद’ हा शब्द येथे धोकादायक ठरतो. स्विच बंद केला, पिन काढली, दिवा विझला, म्हणजे यंत्र बंद झाले असे भाषा म्हणते. परंतु व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधील मोठे कंडेन्सर ४०० व्होल्टहून अधिक दाबाचा भार त्यानंतरही धरून ठेवू शकतात. ‘धारित्र’ ही संज्ञा या ठिकाणी कार्यशाळेतील शब्दापेक्षा उपयुक्त आहे, कारण धारण करणे हा त्या वस्तूचा धर्म ती नावातच सांगते. १०,००० ओहमचा, १० वॅटचा रोधक पृथक् केलेल्या चिमट्यांनी धारित्राच्या दोन टोकांना लावावा. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रातील ४५० व्होल्ट पाच सेकंदांत सुमारे ३ व्होल्टवर येतात. यंत्रात अशी धारित्रे एकाहून अधिक असतात. प्रत्येकावर मीटर लावून आकडा पाहावा, आणि मगच, दुसरा हात पाठीमागे ठेवून, आत हात घालावा.